मागच्या रांगेतला माणूस

पाश्चात्त्य संगीतातलं मला फारसं कळत नाही. तरी जॅझचा वाद्यवृंद पाहताना हल्ली माझी नजर मागच्या रांगेकडे जाते. तिथे स्वतःपेक्षा उंच वाद्य सांभाळत कुणीतरी उभा असतो. ते वाद्य म्हणजे डबल बेस. तबल्यातल्या डग्ग्यासारखंच त्याचं, थांबला की मगच जाणवतो.

हे वाद्य मुळात गजानं वाजवायचं. पण न्यू ऑर्लिन्सच्या नाचगाण्यात कॉर्नेट आणि ट्रॉम्बोनपुढे त्याच्या खोल सुराचा टिकाव कसा लागणार? वादकांनी मग गज बाजूला ठेवला. आतड्याची जाड तार बोटानं ओढून सोडायची, ती लाकडी पट्टीवर आदळते. वर लगेच तळहाताची थाप. सूरही तोच आणि ताशाही तोच! याला स्लॅप म्हणतात. बिल जॉन्सनचा गज भर कार्यक्रमात मोडला आणि यातून ही पद्धत निघाली, अशी एक कथा सांगतात. मला ती पुरेशी वाटत नाही. गरज एकट्या जॉन्सनची नव्हती. पॉप्स फॉस्टर, वेलमन ब्रॉड ही लुइझियानातली मंडळीही तसंच वाजवत. ब्रॉडची थाप 1927 पासून ड्यूक एलिंग्टनच्या वाद्यवृंदात घुमू लागली.

मला खरा जवळचा वाटतो तो मिल्ट हिंटन (1910-2000). हा शिकागोत व्हायोलिन शिकला. मूकपटांच्या थिएटरांत व्हायोलिनवाल्यांना काम असे. बोलपट आले आणि ते काम गेलं. सिंफनीत काळ्या मुलाला कोण घेणार? त्यानं बेस धरला, जॉन्सनकडून थाप उचलली, आणि 1936 पासून पंधरा वर्षं कॅब कॅलोवेच्या वाद्यवृंदात गाजवली. 1939 चं त्याचं 'प्लकिन द बेस' जरूर ऐका.

पुढे 1954 मध्ये मेम्फिसला एल्विस प्रेस्लीच्या पहिल्या रेकॉर्डच्या वेळी ड्रम नव्हताच. बिल ब्लॅकच्या बेसनंच ती उणीव भरून काढली.

आवडीचं सोडून मिळेल ते शिकणारी कितीतरी मुलं माझ्या वर्गात होती. त्यांतल्या काहींनी त्याचंही सोनं केलं. आपण लगेच म्हणतो, बघा, जे झालं ते बऱ्यासाठीच झालं. मला हे म्हणवत नाही. हिंटनच्या थापेला मनापासून दाद द्यावी. पण त्याच्या व्हायोलिनसमोर बंद झालेलं दार त्यामुळे न्याय्य ठरत नाही.