अकरा जणांचा संसार

आमच्या गल्लीत फुटबॉल कोणी खेळत नाही. पोरे क्रिकेट खेळतात, शाळेच्या मैदानावर कबड्डी आणि खो-खो चालतो, आणि जत्रेत कुस्त्यांचा फड रंगला की म्हातारेसुद्धा पटके सावरीत पुढे सरकतात. फुटबॉलचा तो मोठा चेंडू मी माझ्या साऱ्या मास्तरकीत पाहिला तो शाळेच्या कपाटात, आणि तोही बहुतेक वेळा हवा गेलेला. असे असून जालना जिल्ह्यातल्या भोकरदन तालुक्यात, हसनाबादेत बसून, मी 2011 सालापासून एक फुटबॉलचा संघ चालवीत आहे, असे सांगितले तर आपण म्हणाल, निवृत्तीनंतर मास्तरांचे जरा असेच व्हायचे. आमच्या सौ.चे मतही याहून फारसे निराळे नाही.

हा संघ संगणकातला आहे. खेळाचे नाव हॅटट्रिक. हे नाव ऐकले की गावातली मंडळी तीन चेंडूंत तीन बळी असे काहीतरी समजतात आणि मी तो गैरसमज दूर करण्याच्या भानगडीत पडत नाही. 1997 साली स्वीडनमध्ये तो सुरू झाला; पुढे देशोदेशींचे लोक त्यात आले आणि भरभराटीच्या काळात त्यांची संख्या दहा लाखांच्या घरात गेली होती. भारताची साखळीही त्यात निराळी आहे. आमचे चिरंजीव नोकरीनिमित्त पुण्याला असतात. माझ्या निवृत्तीच्या वर्षी ते दिवाळीला आले, आपला जुना लॅपटॉप आणि नेटचा डोंगल माझ्या हवाली केला, आणि "बाबा, आता तुम्हाला शाळा नाही, तेव्हा ही अकरा पोरे सांभाळा," असे म्हणून माझ्या नावाने संघ काढून दिला. संघाला मी गावाचेच नाव दिले.

या खेळात उड्या मारणारी रंगीत चित्रे नाहीत. आठवड्यातून एक साखळी सामना असतो. आठ संघांचा एक गट, चौदा सामने, सोळा आठवड्यांचा हंगाम. वर जाणारा वर जातो, तळाचे खाली येतात. सामन्याआधी कोण कुठे खेळणार ते लिहून द्यायचे आणि मग गप्प बसायचे. सामना सुरू झाला की धावते वर्णन ओळीओळीने पडद्यावर उमटत जाते. लहानपणी रेडिओला कान लावून बाळ ज. पंडितांचे क्रिकेटचे वर्णन ऐकले आहे, त्यांना ही मौज नव्याने सांगायला नको. शिवाय सूचना चार दिवस आधी देऊन ठेवता येतात, म्हणून ऐन सामन्याच्या वेळी गावची वीज गेली तरी आमची पोरे मैदानात उतरतातच. भारनियमनाला न जुमानणारी हसनाबादेतली ही एकच संस्था म्हणायची!

मास्तर म्हणून मला विशेष आवडली ती या खेळाची गुण देण्याची रीत. खेळाडूच्या अंगचे कसब आकड्यांत नव्हे, शब्दांत सांगतात. अगदी तळाला 'नगण्य', मग 'निकृष्ट', 'कमकुवत', 'बरा', 'भक्कम', असे चढत चढत शेवटी 'पौराणिक', 'जादुई' आणि 'दैवी'. मी जन्मभर प्रगतिपुस्तकांतून 'बरा' हा शेरा इतक्या वेळा लिहिला आहे की, माझ्या वाट्याला आलेले सगळे खेळाडू 'बरे' निघाले तेव्हा मला घरच्यासारखेच वाटले.

'बऱ्यां'ना घेऊन संसार करायचा म्हणजे काय, हे पहिल्या दोन हंगामांतच कळले. पगार दर आठवड्याला चुकता करावा लागतो. मैदानाचा खर्च आहे. उत्पन्न म्हणजे तिकिटे आणि पुरस्कर्ते. पण चार सामने हरलो की प्रेक्षक रुसतात, पुरस्कर्ते हात आखडतात, आणि पैसा नसल्यामुळे चांगला खेळाडू घेता येत नाही म्हणून पाचवा सामना हरायचा. कर्ज एका मर्यादेपलीकडे गेले की संघच बुडतो. शेतकऱ्याच्या पोराला हे चक्र समजावून सांगण्याची गरज नव्हती. स्वीडिश लोकांना ते इतके अचूक कसे ठाऊक, याचेच मला नवल वाटले.

आमचे धाकटे बंधू मोसंबीची बाग पाहतात. मी शाळा धरली, त्यांनी शेत धरले, अशी आमची जुनी वाटणी. त्यांना माझा हा उद्योग मुळीच पसंत नव्हता. "दादा, दिसत नाहीत त्या पोरायला पगार देता, अन् दिसतंय त्या झाडाला खत नाही," असे ते येता-जाता म्हणत. पण एके दिवशी मी त्यांना खेळातले एक गुपित सांगितले आणि त्यांचे कान टवकारले. प्रत्येक सामन्याला संघाला तीनपैकी एक हुकूम देता येतो: जपून खेळा, नेहमीसारखे खेळा, किंवा जिवाची बाजी लावा. बाजी लावली तर त्या दिवशी पोरे बेफाम खेळतात, पण नंतर संघाचे मनोबल एकदम ढासळते. जपून खेळवले तर तो सामना हातचा जाण्याचा संभव असतो. मात्र मनोबल वाढते आणि पुढे कामाला येते.

बंधू जरा वेळ पडद्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "हा तर ताण झाला."

मोसंबी करणाऱ्यांना हे सांगावे लागणार नाही. आंबे बहार धरायचा तर थंडीच्या तोंडाशी झाडाचे पाणी तोडतात. पाने मलूल होतात, काही गळतात. नवख्या माणसाला वाटते, बाग गेली. मग जानेवारीत पाणी सोडले की झाड फुलाने लदबदते. "रोज पाणी पाजलं की पाला वाढतो, दादा, फळ नाही. ताण दिल्याबिगर बहार धरत नसतो. तुमच्या पोरायला दोन सामने ताण द्या." मी दिला. ते दोन सामने गेले, पुढचे चार जिंकले, आणि त्या हंगामात आम्ही तिसरे आलो. संघाच्या इतिहासात कोणत्याही पुस्तकाने याहून शहाणा सल्ला दिलेला नाही.

इथे मला हैदराबादच्या सय्यद अब्दुल रहीम यांची आठवण काढल्यावाचून राहवत नाही. आमचा मुलूख 1956 पर्यंत हैदराबाद राज्यात होता, तेव्हा त्या नात्याने ते आमचेच. शिवाय ते मूळचे शिक्षक, हे दुसरे नाते. त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या हैदराबाद सिटी पोलिसांच्या संघाने 1950 पासून 1954 पर्यंत सलग पाच वेळा मुंबईचा रोव्हर्स चषक नेला. याच रहीमसाहेबांचा भारतीय संघ 1952 साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाकडून दहा विरुद्ध एक असा हरला. आपले कित्येक खेळाडू तिथे अनवाणी खेळले होते. दहा गोल खाल्ल्यावर एखादा मास्तर राजीनामा देऊन मोकळा झाला असता. चारच वर्षांनी मेलबर्नला हा संघ चौथा आला. नेव्हिल डिसोझाने ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल केले ते तिथेच. आणि 1962 च्या जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत तर पहिलाच सामना दक्षिण कोरियाशी हरून सुरुवात झाली. जर्नेलसिंग हा बचावाचा खांब, त्याच्या डोक्याला जखम होऊन टाके पडले. रहीमसाहेबांनी त्याला बचावातून काढून आघाडीवर नेले. त्याने उपान्त्य सामन्यात गोल केला, अंतिम सामन्यातही केला, आणि त्याच दक्षिण कोरियाला दोन-एक हरवून भारताने सुवर्णपदक आणले. रहीमसाहेबांना तेव्हा कर्करोग जडला होता. पुढच्याच वर्षी ते गेले. माझे एक तरुण स्नेही मला नेहमी सुचवतात की, मीही माझा बचावपटू आघाडीवर न्यावा. पण माझ्या बचावपटूच्या नावापुढे गोल करण्याच्या रकान्यात 'नगण्य' असे स्पष्ट लिहिलेले आहे. जर्नेलसिंग असल्याशिवाय रहीम होता येत नाही.

2012 साली पावसाने पाठ फिरवली. त्या वर्षीचा मराठवाड्यातला दुष्काळ ज्यांनी पाहिला त्यांना मी काय सांगू? जालना जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या. आमच्या विहिरीने थंडीतच तळ गाठला. "या खेपेला देवानंच ताण दिला," बंधू हसत म्हणाले, पण ते हसणे काही खरे नव्हते. जानेवारीत सोडायला पाणीच नव्हते.

संघाचीही त्याच सुमारास ओढाताण चालू होती. आमच्याकडे सतरा वर्षांचा एक गोलरक्षक नुकताच वर आला होता. तो तेवढा 'बऱ्या'च्या पुढे जाईल असे दिसत होते. चिरंजीव फोनवर म्हणाले, "बाबा, त्याला बाजारात काढा. त्या पैशात दोन तयार गडी येतील आणि हा हंगाम निभावेल." हिशेब बिनचूक होता. मी दोन दिवस विचार केला आणि पोराला ठेवून घेतले. त्याऐवजी तीन जुने, मोठ्या पगाराचे खेळाडू विकले. त्या हंगामात आम्ही तळाला जाऊन खालच्या गटात पडलो. मला त्याचे वाईट वाटले नाही असे म्हणणार नाही.

बंधूंपुढचा प्रश्न मात्र खेळातला नव्हता. बाग दोन तुकड्यांत होती. विहिरीच्या वरच्या अंगाला वडिलांनी लावलेली जुनी झाडे, आणि खालच्या अंगाला बंधूंनी लावलेली, नुकती भराला आलेली. विकतच्या टँकरवर दोन्ही जगणार नव्हती. वडिलांच्या झाडांखाली आमची लहानपणची दुपार गेलेली. आई असती तर तिने काय सांगितले असते, यावर आम्ही दोघे एक अख्खी रात्र बोललो, आणि सकाळी बंधूंनी काही न बोलता टँकरचा पाइप खालच्या तुकड्याकडे वळवला. झाडांच्या बुडाशी पाचटाचे आच्छादन घातले, फांद्या छाटल्या, थेंब थेंब पाणी मोजून दिले. मे महिन्यात वरच्या तुकड्यावर कुऱ्हाड चालली.

त्या दिवशी आमचा सामना होता. मी आदल्या दिवशीच सूचना देऊन ठेवल्या होत्या आणि त्याची आठवणही मला उरली नव्हती. दिवेलागणीला बंधू आले, हातपाय धुऊन पडवीत बसले. लाकडाचा भुसा अजून त्यांच्या बाहीला होता. बराच वेळ कोणी बोलले नाही. मग त्यांनीच विचारले, "काय झालं तुमच्या पोरायचं?"

मी लॅपटॉप उघडला. चार विरुद्ध शून्य. अर्थात शून्य आमचे.

"आजचा दिसच तसला," ते म्हणाले, आणि सौ.ने आणलेला चहा प्यायले. त्यानंतर एकही आठवडा असा गेला नाही की सामन्याच्या दिवशी त्यांनी विचारले नाही.

मी या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या म्हणून त्या एका मापाच्या आहेत असे कोणी समजू नये. माझा संघ पडला तर एक पायरी खाली पडतो. त्याच्यासाठी कोणाला सावकाराकडे जावे लागत नाही. या खेळात आज-उद्याचे हवामानही सांगतात, कारण पावसात धिप्पाड खेळाडूंचे फावते आणि कसबी खेळाडूंचे पाय घसरतात. त्या उन्हाळ्यात एकदा पडद्यावर आमच्या मैदानासाठी पावसाचे चित्र आले. बंधू म्हणाले, "चला, कुठं तरी पडतोय." मला त्यांच्याकडे पाहवेना.

2014 च्या पावसाळ्यात वरच्या तुकड्यावर नवी कलमे लागली. मोसंबीला फळ धरू द्यायचे ते पाचव्या वर्षाच्या पुढे. खेळातले वर्ष मात्र 112 दिवसांचेच. तेव्हा कलमे गुडघ्याला आली तेव्हा आमचा गोलरक्षक तेवीस-चोविशीच्या भरात होता. 'उत्कृष्ट'च्याही वर गेला आणि त्याच्या जिवावर आम्ही गमावलेला गट परत मिळवला, इतकेच नव्हे तर एक हंगाम त्याच्याही वर काढला. कलमे कमरेच्या वर गेली तेव्हा तो तिशीत आला. झाडांना पहिली फळे लागली तेव्हा त्याचे कसब उतरू लागले होते. सतरा वर्षांचा पोर चौतीस वर्षांचा व्हायला आपली सव्वापाच वर्षे पुरतात. डोळ्यांदेखत माणूस म्हातारा झालेला पाहायचा असेल तर याहून सोयीची जागा नाही.

आता त्याला विकून चार पैसे येण्यासारखे नव्हते. चिरंजीव म्हणाले, "काढून टाका, पगार वाचेल." पण या खेळात आणखी एक सोय आहे. संघात मुरलेल्या जुन्या खेळाडूला प्रशिक्षक करता येते. त्याला बराच पैसा पडतो. मी तो विचार बंधूंच्या कानावर घातला. ते तेव्हा वरच्या तुकड्यातली पहिलीवहिली मोसंबी पाटीत घेऊन आले होते. त्यांनी एक हातात घेऊन तिची साल नखाने जरा खरवडली, वास घेतला, आणि विचारले, "किती पडतील?"

मी आकडा सांगितला.

"द्या मग," ते म्हणाले. "त्या पोरानं दुष्काळ पाहिलाय."

तो अजून आमचा प्रशिक्षक आहे. सध्या आम्ही गटात सहावे आहोत. तीन सामने बाकी आहेत, आणि पुढचा सामना ताण द्यायचा की बाजी लावायची, यावर पडवीत रोज रात्री बैठक भरते. पुण्याहून चिरंजीवही फोनवर तिला हजर असतात. सौ. आता आतून विचारते, "मग काय ठरलं तुमचं?" आणि उत्तराची वाट न पाहता फराळाच्या ताटल्या बाहेर आणून ठेवते.