चाहत्याची रेष, चळवळीचे दिवस

लंडनच्या ‘इव्हनिंग स्टँडर्ड’मध्ये हिटलरची रेवडी उडवणारे व्यंगचित्रकार डेव्हिड लो यांचे मुंबईतले एक चाहते म्हणजे तरुण बाळ ठाकरे. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात आचार्य अत्र्यांच्या ‘नवयुग’मध्ये ते ‘मावळा’ या टोपणनावाने व्यंगचित्रे काढत. नाव झाकता येते. लो यांच्याकडून घेतलेला ठसठशीत फटकारा झाकणे अवघडच. त्याच धामधुमीत, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, राळेगावसह यवतमाळ जिल्हा मध्य प्रदेशातून, या लढ्याचा विरोध असलेल्या द्विभाषिक मुंबई राज्यात आला. शेतातली पऱ्हाटी तीच राहिली, राजधानी तेवढी नागपूरहून मुंबईला गेली. महाराष्ट्र राज्य झाल्यावर १३ ऑगस्ट १९६० रोजी ठाकरे बंधूंचे ‘मार्मिक’ साप्ताहिक निघाले. प्रकाशन केले यशवंतराव चव्हाणांनी, म्हणजे द्विभाषिकाचेही मुख्यमंत्री राहिलेल्या नेत्यानेच!