पंक नेमकं कुणाचं? बॅड ब्रेन्सच्या निमित्ताने

‘हे गोऱ्यांचं संगीत, तू कशाला ऐकतोस?’ हा प्रश्न मला आपल्याच चळवळीतल्या मित्रांनी अनेकदा विचारला आहे. विचारणाऱ्यांचा हेतू वाईट नसतो. आपल्याकडे वामनदादा आहेत, अण्णाभाऊ आहेत, विठ्ठल उमप आहेत, आजची रॅप करणारी पोरं आहेत. मग हा अमेरिकन गोंगाट कशाला, असं त्यांना वाटतं. माझं म्हणणं एवढंच, की त्या प्रश्नातलं पहिलं विधान आधी तपासून घेऊ. हार्डकोर पंक म्हणजे पंकचा सगळ्यात वेगवान आणि सगळ्यात रागीट प्रकार. तो ज्यांनी घडवला त्यात अगदी पुढे चार काळी पोरं होती आणि त्यांच्या बँडचं नाव बॅड ब्रेन्स.

गाणारा पॉल हडसन, ज्याला सगळे एचआर म्हणतात. त्याचा भाऊ अर्ल ड्रमवर, गॅरी मिलर ऊर्फ डॉक्टर नो गिटारवर आणि डॅरिल जेनिफर बासवर. जागा वॉशिंग्टन डीसी आणि त्याला लागून असलेला मेरीलँडचा भाग. 1970च्या दशकात अमेरिकेच्या राजधानीत काळ्यांची बहुसंख्या होती. 1968 साली मार्टिन ल्यूथर किंग यांच्या खुनानंतर हे शहर पेटलं होतं, आणि त्यानंतर वर्षानुवर्षं जळालेले रस्ते तसेच पडून होते. एका बाजूला कॅपिटॉलचा पांढरा घुमट, दुसऱ्या बाजूला सरकारी घरांच्या वस्त्या. राजधानी आणि वस्ती यांच्यातलं हे अंतर मुंबईत वाढलेल्या आपल्या पोरांना कुणी समजावून सांगायची गरज नाही.

सुरुवातीला हे चौघं पंक वाजवतच नव्हते. ‘माइंड पॉवर’ नावाने ते जॅझ-फ्युजन वाजवत. महाविष्णू ऑर्केस्ट्रा, रिटर्न टू फॉरएव्हर अशा मंडळींचं अवघड, हिशेबी संगीत ऐकून त्यांचे हात तयार झाले होते. 1977च्या सुमारास पंक त्यांच्या कानावर पडलं आणि रमोन्सच्या एका गाण्यावरून त्यांनी नवं नाव घेतलं.

इथे मला थोडं थांबायचं आहे, कारण माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच आहे. पंकचा तेव्हाचा डौल काय होता? ‘आम्हाला वाजवता येत नाही, तरी आम्ही वाजवणार.’ गोऱ्या पोराला वाजवता येत नसेल तर त्याला बंडखोरी म्हणायचे. काळ्या पोराला वाजवता आलं नसतं तर काय म्हटलं असतं, हे तुम्हीच सांगा. अडाणीपणाची ऐट मिरवायलासुद्धा पाठीशी काहीतरी असावं लागतं. बॅड ब्रेन्सने ती ऐट केली नाही. त्यांनी तासन्‌तास तालीम केली आणि इतका वेग आणला की बाकीचे बँड मागे पडले. 1980 सालचं त्यांचं पहिलं गाणं ‘पे टू कम’ जेमतेम दीड मिनिटाचं आहे, आणि त्या दीड मिनिटात एकही ठोका जागचा हलत नाही. आपल्याकडे ‘मेरिट’ हा शब्द आपल्या तोंडावर फेकला जातो तेव्हा मला हा बँड आठवतो. ज्यांना पात्रता सिद्ध करावीच लागत नाही, तेच दुसऱ्यांकडे पात्रतेचा दाखला मागतात.

आता मालकीचा प्रश्न. रॉक मुळात कुणाचं? सिस्टर रोझेटा थार्प, चक बेरी, लिटल रिचर्ड यांचं. 1940च्या दशकापर्यंत अमेरिकेतला संगीताचा बाजार काळ्यांच्या तबकड्यांना ‘रेस रेकॉर्ड्स’ म्हणून वेगळ्या खणात ठेवत होता. मग तेच संगीत गोऱ्या तोंडातून आलं आणि सगळ्यांचं झालं. तमाशाचा इतिहास ज्याला माहीत आहे त्याला यात नवल वाटणार नाही. पठ्ठे बापूराव आणि पवळा या दोघांपैकी पाठ्यपुस्तकांनी कुणाला जास्त जागा दिली ते आठवा.

पण गोष्ट इतकी सरळही नाही, आणि ती सरळ करून सांगणं मला पटत नाही. डीसीतल्या गोऱ्या पोरांनी, म्हणजे इयन मॅकाय, हेन्री रोलिन्स या पुढे मोठ्या झालेल्या मंडळींनी, आपण बॅड ब्रेन्सकडून शिकलो हे कधी लपवलं नाही. बॅड ब्रेन्स इंग्लंडला गेले, तर कामाचा परवाना नाही म्हणून त्यांना तिथून परत पाठवण्यात आलं. त्यात त्यांची वाद्यंही चोरीला गेली. तेव्हा मॅकायच्या बँडची वाद्यं वापरून त्यांनी सराव केला. चोरी आणि ऋण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि ऋण मान्य करणाऱ्याला चोर म्हणू नये.

1979 साली एचआरने एक काम केलं ते मला त्यांच्या कुठल्याही अल्बमइतकं मोलाचं वाटतं. इंग्लंडमध्ये ‘रॉक अगेन्स्ट रेसिझम’ ही मोहीम चालू होती. तिच्या धर्तीवर त्याने डीसीच्या आग्नेय भागातल्या व्हॅली ग्रीन या सरकारी वस्तीत उघड्यावर पंकचा कार्यक्रम ठेवला. जे संगीत क्लबात गोऱ्यांसमोर वाजायचं ते आपल्या लोकांच्या दारात नेऊन वाजवलं. जलसे वस्तीवस्तीत का नेले जात, हे ज्याला कळतं त्याला हे वेगळं सांगायला नको.

शहरातले क्लब त्यांना दार उघडेनासे झाले तेव्हा ते न्यूयॉर्कला गेले. त्यावरही त्यांनी गाणं केलंच, ‘बॅन्ड इन डीसी’. 1982 साली पहिला अल्बम फक्त कॅसेटवर निघाला. पिवळं मुखपृष्ठ, कॅपिटॉलच्या घुमटावर कोसळणारी वीज. इतकं थेट चित्र मी क्वचितच पाहिलं आहे.

याच काळात ते रास्ताफारी झाले, आणि मतभेद इथे सुरू होतो. मालकाचा धर्म नाकारायचा, ही प्रेरणा आपली आणि त्यांची एकच. पण जमैकात जन्मलेल्या त्या पंथाने इथिओपियाच्या सम्राटाला, हाइले सेलासीला, देवत्व दिलं. बाबासाहेबांनी 1956 साली धम्म दिला तेव्हा बावीस प्रतिज्ञांमध्ये बुद्धालाही विष्णूचा अवतार मानणार नाही असं वदवून घेतलं. हा फरक किरकोळ नाही. जिथे देव आला तिथे पवित्र-अपवित्र आलं, आणि मग अपवित्र कोण ते ठरवायला माणसं पुढे येतात. 1982 सालीच टेक्सासमधल्या ऑस्टिनला बिग बॉइज या बँडने त्यांचा पाहुणचार केला. त्यांचा गायक समलिंगी आहे हे कळल्यावर बॅड ब्रेन्सकडून त्याला शिव्याशाप देणारी चिठ्ठी मागे राहिली. एमडीसी या बँडने त्याबद्दल उघड आवाज उठवला. नंतरच्या वर्षांत बॅड ब्रेन्सच्या लोकांनी ती भूमिका बदलल्याचं सांगितलं, पण झालेलं पुसलं जात नाही.

काही मित्र म्हणतात, हे कशाला उकरायचं, आधीच लोक आपल्याला बदनाम करायला टपलेले आहेत. मला हा युक्तिवाद चळवळीत फार ऐकू येतो. ढसाळांबद्दल, पँथरबद्दल, आजच्या नेत्यांबद्दल. विभूतिपूजा माणसाला कुठे नेते हे बाबासाहेबांनी 25 नोव्हेंबर 1949 रोजी संविधान सभेत सांगून ठेवलं आहे. विटाळाचा चटका ज्यांनी सोसला तेच दुसऱ्याला विटाळ मानू लागले, तर ते बोलायला आपल्यापेक्षा जास्त हक्काचं कोण आहे?

पुढचा इतिहास मोडतोडीचा आहे. 1986च्या ‘आय अगेन्स्ट आय’मधल्या ‘सेक्रेड लव्ह’साठी एचआर गांजाच्या खटल्यात तुरुंगातून फोनवर गायला. तो बँड सोडत राहिला, परत येत राहिला. 1995 साली बड्या कंपनीचा अल्बम निघाला आणि त्याच दौऱ्यात त्याने आपल्याच माणसांवर हात उचलला. लोकांनी याला ‘वेडा कलावंत’ म्हणून चवीने वाचलं. तो खरंच आजारी होता. 2017 साली असह्य डोकेदुखीच्या दुर्मिळ विकारासाठी त्याच्या मेंदूवर शस्त्रक्रिया झाली. 2015 साली डॉक्टर नो हृदयविकाराच्या झटक्याने मरता मरता वाचला. 2016 साली रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमसाठी नाव पुढे आलं, पण निवड झाली नाही. मला त्याचं फारसं वाईट वाटलं नाही.

अलीकडच्या वर्षांत त्यांनी आपल्या जुन्या ध्वनिमुद्रणांचे हक्क परत मिळवले आणि ‘बॅड ब्रेन्स रेकॉर्ड्स’ या स्वतःच्या नावाने ते अल्बम पुन्हा काढले. ऐकायचं असेल तर त्या पिवळ्या कॅसेटपासून सुरू करा, आणि मधली रेगे गाणी वगळू नका. वेग कुठे थांबवायचा हे त्यांना किती कळत होतं, ते तिथे ऐकू येतं.