वाढलं म्हणायचं

पाटबंधारे खात्याच्या भांडारात मी ३१ वर्षं काढली. पहारी, घमेली, दोरखंड, सिमेंटची पोती, सगळ्याची नोंद. वस्तू मोडली, गंजली, हरवली तरी वहीतून सहज जात नसे. आधी तपासणी, मग कारण, मग साहेबांची सही, मग निर्लेखन. तसलीच एक वही आता घरी घातली आहे. लाल पाठीची, दोनशे पानी. हिला कंपवात झाल्यापासून घरातून जे जे गेलं ते तीत लिहितो. निदान २०१५ चं, मी निवृत्त झालो २०१६ मध्ये. वही त्यानंतरची, त्यामुळे बऱ्याच नोंदी मागाहून केलेल्या आहेत.

काचेच्या बांगड्या. हिचा हात स्वस्थ मांडीवर ठेवला की कापायचा, काही घ्यायला पुढे केला की थांबायचा. गाढ झोपेत तर अगदी थांबायचा. त्यामुळे रात्री अंधारात किणकिण ऐकू येत राही, आणि ती थांबली की समजायचं, हिला झोप लागली. मग मी कूस बदलायचो. दोन वर्षांपूर्वी न्हाणीघरात पडली, काच मनगटात गेली, चार टाके पडले. सकाळी येणाऱ्या मावशींनी साबण लावून उरलेल्या बांगड्या उतरवल्या. मी वहीत लिहिलं, ‘काचेच्या बांगड्या, ११ नग, काढल्या.’ ही बघत होती. म्हणाली, “वाढवल्या म्हणा.”

तिच्या आजीची शिकवण. बांगडी फुटत नाही, वाढते. डब्यातले तांदूळ संपत नाहीत, वाढतात. दिवा विझवत नाहीत, मालवतात. घरातून निघताना जातो म्हणायचं नाही, येतो म्हणायचं. लग्न झाल्यावर पहिल्याच महिन्यात तिने मला यावरून दोनदा टोकलं होतं. सरकारी वहीत खाडाखोड चालत नाही. एक आडवी रेघ मारायची, वर नवा शब्द लिहायचा, बाजूला आद्याक्षरी. तसंच केलं.

हातात आता दोन पाटल्या आहेत. त्यांचा आवाज होत नाही.

तुपाचा वास. घरात तूप अजून होतं, मावशी कढवतात. पण हिच्यापुरता वास गेला, आणि तो कधी गेला त्याची तारीख माझ्याकडे नाही. तूप कढायला ठेवलं की ही गॅसपाशी उभी राहत नसे. बाहेरच्या खोलीत भाजी निवडत बसायची आणि बरोबर वासावर उठायची. उठली की बेरी तांबूस झालेली असायचीच. २०११ च्या दिवाळीत तूप करपलं. महिन्याभरात पुन्हा करपलं. “लक्ष कुठे असतं तुझं?” असं मी म्हणालो, आणि तेही तिच्या भरल्या ताटावर. तिने उत्तर दिलं नाही. चार वर्षांनी डॉक्टरांनी विचारलं, वास कधीपासून येत नाही? ही म्हणाली, पाच-सहा वर्षं झाली असतील, मला वाटायचं सर्दी आहे. कंपवातात हात कापायला लागण्याच्या कितीतरी वर्षं आधी नाक जाऊ शकतं, हे त्या दिवशी कळलं. कारणाच्या रकान्यात मी लिहिलं आहे, ‘नाक गेलं होतं, लक्ष नव्हे.’ तिला वाचून दाखवलं. ती काही बोलली नाही, पण वही लगेच मिटूही दिली नाही.

अक्षर. याचा पुरावा आहे. आमच्या स्वयंपाकघरात १९८२ पासून एकाच खिळ्याला कालनिर्णय लागतं आणि दुधाचा हिशेब त्याच्या चौकटीत ही लिहायची. १, १॥, कधी ‘खाडा’. जुनी कालनिर्णयं तिने टाकली नव्हती, फडताळात घालायला कागद होतो म्हणून माळ्यावर ठेवली होती. २०१९ च्या पुरात कृष्णेचं पाणी घरात शिरलं, खालचं सगळं गेलं, माळा वाचला. चिखल काढून झाल्यावर एका दुपारी मी ती सालाप्रमाणे पलंगावर मांडली. २००९ चा ‘खाडा’ चौकट भरून होता, ‘ख’ ची गाठ ठसठशीत. २०१२ ला तो अर्ध्यावर आला. २०१४ च्या मोहरीएवढ्या अक्षरातला कुठला खाडा आणि कुठला दीड लिटर, हे मला भिंग घेऊनही सांगता येईना. आणि त्या सगळ्या वर्षांत दर महिन्याला मीच ती बेरीज करून दूधवाल्याचे पैसे देत होतो. अक्षर लागलं नाही की तिला विचारायचो. ती सांगायची. पुढचा महिना.

सही. बँकेत जुन्या सहीशी जुळेना. तीनदा करायला लावली, तिसरी पहिल्याहून बारीक. शेवटी शाईचा डबा पुढे सरकवला. बी. ए. झालेली बाई, तिच्या अंगठ्याला शाई मी लावली. घरी येऊन तो अंगठा मीच खोबरेल लावून पुसला. या नोंदीपुढे कारण लिहिलेलं नाही.

उंबरा. सागवानी होता, वडिलांनी बसवलेला. हिचे पाय दारातच खिळायचे. सपाट खोलीत चालत येणारी बाई चौकटीपाशी आली की पावलं जमिनीला चिकटत, वरचं अंग पुढे जाई आणि पाय मागे राहत. सुतार बोलावला. करवत चालली तेव्हा ही आतल्या खोलीत तोंड फिरवून बसली होती, कारण दर सणाला त्या उंबऱ्यावर तिने हळदीकुंकवाची बोटं ओढली होती. उंबरा गेला तरी पाय खिळायचे थांबले नाहीत. मग व्यायाम शिकवणाऱ्या ताईंनी सांगितलं, जमिनीवर आडव्या रेघा मारा. चालणं जे आपोआप व्हायचं ते आता होत नाही, पण डोळ्यांना समोर रेघ दिसली की ती ओलांडायला मेंदू दुसऱ्या वाटेने पाय उचलतो. मी पिवळी चिकटपट्टी आणली, स्वयंपाकघरापासून न्हाणीघरापर्यंत हातभर अंतराने लावली. १४ रेघा. ही दारात उभी राहून बघत होती. दिवाळीत अंगणात एकवीस ठिपक्यांची रांगोळी एका बैठकीत काढणारी बाई. म्हणाली, “सातवी वाकडी आहे.” मग चालली. चौदाच्या चौदा ओलांडल्या. सातवी मी उखडून सरळ लावली.

डावा हात. म्हणजे चालताना त्याचं हलणं. संध्याकाळी आम्ही आयर्विन पुलापर्यंत फिरायला जायचो, वर्षानुवर्षं. १९२९ चा पूल, त्याच्या कठड्याशी थोडं थांबायचं, पाण्याची पातळी बघायची, परत. खात्यातला माणूस, पाणी बघितल्याशिवाय परतणार कसा! मी डाव्या बाजूने चालायचो. हिचा डावा हात चालताना हलायचा थांबला होता, अंगाशी धरल्यासारखा राहायचा. हे तिच्या भावाने एका लग्नाच्या व्हिडिओत पाहिलं, मी नाही. जेम्स पार्किन्सन या लंडनच्या डॉक्टरने १८१७ मध्ये या आजारावर पुस्तिका लिहिली. तीत सहाच रोग्यांची हकीकत आहे आणि त्यांतले काही तर त्याला रस्त्यात भेटलेले. वाटेवरच्या परक्या माणसाची चाल बघून तो थांबला. मी शेजारून चालत होतो आणि पाणी बघत होतो.

दुपारचं वरण. तिच्या गोळीतला लेवोडोपा आणि अन्नातली प्रथिनं आतड्यातून एकाच वाटेने आत शिरतात. जेवणात डाळ, उसळ, दही असलं की गोळी मागे पडते आणि दुपार अंथरुणात जाते. म्हणून वरण रात्रीवर गेलं. दुपारी भाजी-भाकरी, तीही गोळी घेतल्यावर तासाभराने. मीही तेच खातो. चारचा चहा साडेचारला गेला. घरात आता दोनच वेळा आहेत, गोळी चढल्याची आणि गोळी उतरल्याची.

हाताने कालवलेला भात गेला, चमचा आला. स्टीलचे पेले गेले. जमखाना गेला, पाय अडकायचा. चैत्रातलं हळदीकुंकू गेलं. भिशीच्या बायकाही. चेहरा घट्ट झाला आहे, हसू वर येत नाही, त्यामुळे आलेल्याला वाटतं हिला आपण आलेलं आवडलं नाही. मी प्रत्येकीला दारात सांगायचो, तसं नाही हो. काही समजल्या.

“अहो, ऐकलंत का?” ही हाक स्वयंपाकघरातून निघून परसातल्या मोरीपर्यंत यायची. आवाज कधी खाली गेला कळलं नाही. आधी मला वाटलं माझेच कान गेले. तपासून आलो, कान चांगले निघाले. हिला मात्र वाटतं आपण मोठ्यानेच बोलतो आहोत, ह्यांचंच लक्ष नसतं. उशाशी देव्हाऱ्यातली घंटा ठेवूया म्हटलं तर तिने मान हलवली. देवाची घंटा माणसाला बोलवायला नाही. आता वाटी आणि चमचा असतो. एकदा वाजला तर पाणी, दोनदा वाजला तर कूस, सारखा वाजला तर धावायचं.

शनिवारी रात्री मी आठवड्याच्या गोळ्या डबीत भरतो. सात खण, प्रत्येकात चार वेळा. परवा भरताना सहाव्या खणाशी पाकीट रिकामं झालं. मी आपल्याशीच म्हणालो, “संपल्या की गोळ्या.”

चमचा वाजला. एकदा. पाणी घेऊन गेलो तर तिने पाणी घेतलं नाही. मी कान तिच्या तोंडाशी नेला.

“वाढल्या म्हणा.”

सुरुवातीला दिवसाला ३ होत्या, आता ९ आहेत. मी वही काढून नोंद केली, तिला दाखवली. मग डॉक्टरांची चिठ्ठी घेतली, पिशवी घेतली, कोपऱ्यावरचं दुकान साडेनऊपर्यंत उघडं असतं. दारातून मागे वळून, तिला ऐकू जाईल असं म्हणालो, “येतो.”