हसणारा पाद्री

धर्माचे काम करणाऱ्या माणसाने गंभीरच असावे, अशी आपली समजूत असते. कीर्तनकाराने उत्तररंगात हसवले तर आपण ते चालवून घेतो. मुल्ला नसरुद्दीनच्या गोष्टींत तर मुल्लाच विनोदाचा विषय असतो. तरी मिंबरवरून बोलणाऱ्याने हसवलेले अनेकांना रुचत नाही. म्हणूनच मला लॉरेन्स स्टर्न हा अठराव्या शतकातला इंग्रज पाद्री जवळचा वाटतो.

स्टर्नचा जन्म 1713 साली आयर्लंडमधला. केंब्रिजला शिकून तो यॉर्कजवळच्या सटन या गावी पाद्री झाला आणि वीसेक वर्षे तिथेच प्रवचने करीत राहिला. 1759च्या शेवटी ‘ट्रिस्ट्रम शँडी’ या कादंबरीचे पहिले दोन भाग निघाले आणि लंडनभर त्याचे नाव झाले. पुढे 1767पर्यंत नऊ भाग आले. नायक स्वतःचे चरित्र सांगायला बसतो, पण विषयांतरे एवढी की तिसऱ्या भागापर्यंत त्याचा जन्मच होत नाही! एका पात्राच्या मृत्यूवर शोक म्हणून पान अख्खे काळे छापले आहे. एका ठिकाणी पान कोरे आहे. तिथे वाचकाने आपल्या मनातल्या सुंदर स्त्रीचे चित्र काढायचे.

विनोदात चावटपणा भरपूर होता. पाद्र्याने असे लिहावे काय, म्हणून टीकाही झाली. पण याच कादंबरीच्या दुसऱ्या भागात स्टर्नने एक खरेखुरे प्रवचन घातले आहे. ते त्याने 1750 साली यॉर्कच्या मोठ्या चर्चमध्ये दिले होते. विषय सदसद्विवेकबुद्धीचा. मन साफ आहे, असे म्हणणाऱ्याचे मनच त्याला फसवत असते. स्वार्थ, वासना, सवय या गोष्टी आतल्या न्यायाधीशाला गुंगी देतात. म्हणून धर्माला नीतीची आणि नीतीला धर्माची जोड हवी. एकाच्या जोरावर दुसऱ्याला सुट्टी देणाऱ्यापासून सावध राहा, असा त्याचा आशय.

कादंबरीत हे प्रवचन ट्रिम नावाचा साधा शिपाई मोठ्याने वाचतो. धर्माच्या नावाने होणाऱ्या छळाचे वर्णन येते तेव्हा तो रडू लागतो, कारण त्याचा भाऊ पोर्तुगालमध्ये इन्क्विझिशनच्या कैदेत आहे. ऐकणारा डॉक्टर मात्र मधेच झोपी जातो. हसू आणि रडू एकाच पानावर आणण्याची ही हातोटी मला फार मोलाची वाटते. धर्माचा उपदेश ऐकताना कोण रडतो आणि कोण झोपतो, हे आपणही पाहिलेले असते.

या कादंबरीतले टोबीकाका युद्धात जखमी झालेले सैनिक. जेवताना त्रास देणारी माशी ते पकडतात आणि खिडकी उघडून सोडून देतात. जग दोघांनाही पुरेल एवढे मोठे आहे, असा त्यांचा विचार. 1766 साली इग्नेशियस सँचो या लंडनमधल्या कृष्णवर्णीय गृहस्थाने स्टर्नला पत्र लिहून गुलामगिरीविषयी लिहिण्याची विनंती केली. नवव्या भागात माशा न मारता पिसांनी नुसत्या हाकलणारी एक काळी मुलगी येते. ट्रिम विचारतो, काळ्या माणसाला आत्मा असतो का? टोबीकाका म्हणतात, देवाने तुला-मला दिला तसा त्यालाही दिला असणारच. गुलामांच्या व्यापारावर इंग्लंड श्रीमंत होत होते, त्या काळात हे छापले गेले.

स्टर्न संत नव्हता. स्वतः विवाहित असताना 1767 साली तो एलायझा ड्रेपर या विवाहितेच्या प्रेमात पडला. तिचा नवरा ईस्ट इंडिया कंपनीचा मुंबईतला अधिकारी. ती मुंबईला निघाली आणि स्टर्न तिच्यासाठी उसाशांची रोजनिशी लिहीत बसला. पत्नी आणि मुलगी होती, त्यांचे काय? मन स्वतःला फसवते, हे सांगणाऱ्यालाही स्वतःचे मन ओळखता आले नाही, असे मला वाटते. पुढच्याच वर्षी, 1768च्या मार्चमध्ये, चौपन्नाव्या वर्षी तो क्षयाने गेला.

तरीही त्याची शिकवण खोटी ठरत नाही. मला तर ती अधिकच पटते. आपण चांगले आहोत याची खात्री ज्याला फार वाटते, त्यानेच ती तपासायला हवी. ही तपासणी करायला विनोदासारखे साधन नाही, कारण स्वतःवर हसणाऱ्या माणसाला स्वतःचा न्यायाधीश गुंगीत ठेवणे जड जाते.