रापणीचे वाटे
मालवणास दांडीच्या किनाऱ्यावर दोन रांगा रापण ओढू लागल्या की मी उगाच रेंगाळतो. मासळीपेक्षा मला तिचे वाटे पाहायला आवडतात. जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा, ओढणाऱ्या हातांचा वाटा. परवा भाचा बरोबर होता. म्हणाला, ‘फॉर्म्युला वनच्या मोटार-शर्यतींत १९५० पासून एकही हंगाम न चुकविणाऱ्या फेरारी संघाला त्या जुनेपणाचाही वाटा मिळतो. जिंको वा हरो!’

मला रागच आला. जाळ्याला वाटा का, तर ‘जाळां फाटलां तर शिवतलो कोण?’ जुनेपण कुठे फाटते? आणि समोरची रांगच उठून गेली, तर फेरारीने एकट्याने कोणाशी धावावे?

भाचा हसला. तोवर दोराला नुसता हात लावलेल्या म्हाताऱ्याच्या टोपलीत चार बांगडे पडले होते.