सिल्व्हरस्टोनचा काटा

लंडनच्या वायव्येस शंभरेक किलोमीटरवर सिल्व्हरस्टोन नावाचे एक खेडे आहे. नुसती हिरवी शेते पाहायची, तर इतकी वाट वाकडी करण्याचे कारण नाही. पण गावाबाहेरच्या सपाट माळावर १९४३ साली बाँबफेकी विमानांचा तळ उभा राहिला आणि महायुद्ध संपल्यावर तेथे मोटारी धावू लागल्या. जागतिक अजिंक्यपदाची पहिली शर्यत १३ मे १९५० रोजी येथेच झाली. विमाने गेली, नावे उरली. एका सरळ पट्ट्याला अजून ‘हँगर स्ट्रेट’च म्हणतात. वाराही विमानतळाचाच; अडवायला टेकडी म्हणून नाही!

या मैदानासमोरच्या कारखान्यावर दहा वर्षे आपल्या देशाचे नाव होते. विजय मल्ल्यांचा ‘फोर्स इंडिया’ संघ येथलाच. २०११ साली त्यांनी पॉल डी रेस्टा या चोविशीतल्या स्कॉटिश गड्याला आपल्या मोटारीत बसवले.

त्याची कथा मोठी चमत्कारिक. २००६ साली फॉर्म्युला थ्रीच्या युरोपीय मालिकेत आपल्याच संघातील सेबास्टियन फेटेलला मागे टाकून तो अजिंक्य ठरला. पण फेटेल फॉर्म्युला वनमध्ये पोचला आणि हा जर्मनीच्या ‘डीटीएम’ मालिकेत, छपराच्या मर्सिडीजमध्ये. १४ नोव्हेंबर २०१० रोजी फेटेल जगज्जेता झाला. २८ नोव्हेंबरला डी रेस्टाने डीटीएम जिंकली. दोन आठवड्यांचे अंतर, पण केवढे! जुना सोबती असा पुढे गेलेला पाहून चार वर्षे निमूटपणे गाडी हाकायची, हे मला विजयाहून अवघड वाटते.

छपराच्या मोटारी एकमेकींना अंग घासत पुढे जातात. उघड्या चाकांच्या मोटारीत चाकावर चाक चढले, की गाडी उडालीच म्हणून समजा. त्यात वजनाचा काटा. २०१३ साली याच सिल्व्हरस्टोनला, घरच्या प्रेक्षकांसमोर, डी रेस्टाने पात्रता फेरीत पाचवा क्रमांक मिळवला. मग तपासणीत गाडी भरली दीड किलो कमी! दीड किलो म्हणजे आपल्याकडे चकल्यांचा एक डबा. तेवढ्यासाठी त्याची रवानगी शेवटच्या रांगेत झाली. दुसऱ्या दिवशी तेथून एकेकाला मागे टाकीत तो नववा आला.

फोर्स इंडियाकडून ५८ शर्यती, १२१ गुण, दोनदा चौथा क्रमांक. पहिल्या तिघांत मात्र एकदाही नाही. २०१४ साली तो पुन्हा डीटीएममध्ये, छपराखाली गेला. फोर्स इंडियाही २०१८ साली बुडाली. त्या जागी आता ॲस्टन मार्टिनची पाटी आहे.